‘कवितेसारखा सिनेमा’ म्हणजे नक्की कसा? (कविता, चित्र आणि पडदा)

कोरी_वही

एखादा सिनेमा संथ असला, त्यात धुकं असलं, पाऊस असला आणि पात्रं फारशी बोलत नसली की त्याच्या परीक्षणात ‘पडद्यावरची कविता’ हे शब्द हमखास येतात. हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. कवितेबद्दलही आणि सिनेमाबद्दलही. कविता म्हणजे हळुवार काहीतरी, असं यात धरून चाललेलं असतं. मर्ढेकरांच्या कवितेतल्या, पिपात मेलेल्या उंदरांना १९४७ सालापासून हे ऐकून घ्यावं लागतंय.

माझं म्हणणं असं आहे की कविता आणि सिनेमा यांचं खरं नातं सौंदर्यात नाही, सांध्यात आहे. दोन प्रतिमा शेजारी ठेवायच्या आणि मधला ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जणू’ काढून टाकायचा. जोडायचं काम वाचणाऱ्यावर किंवा बघणाऱ्यावर सोडायचं. संकलक टेबलावर हेच करतो आणि कवी वहीत हेच करतो. मर्ढेकरांच्या त्या कवितेत उंदीर मेलेत, माना पडल्यात, ओठांवर ओठ आहेत, आणि बघता बघता ते उंदीर आहेत की आपण, हे कळेनासं होतं. कुठेही ‘माणसाचं जगणं असं झालंय’ अशी ओळ नाही. असती तर कविता तिथेच संपली असती.

अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ (१९७६) ही कवितामाला घ्या. इंग्रजीत लिहिलेली असली तरी आपल्याच मातीतली. पहिली कविता एस.टी.च्या प्रवासाची. खिडक्यांवर ताडपत्री घट्ट लावलेली आहे, तिचं एक टोक वाऱ्याने सारखं कोपरावर आपटतंय. समोर एक म्हातारा बसलाय आणि त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत प्रवाशाला आपलाच चेहरा दुभंगलेला दिसतो. प्रवासभर बाहेरचं तेवढंच दिसतं. मग सूर्य उगवतो, पण उगवताना दिसत नाही. ताडपत्रीच्या भोकांतून किरण येतात आणि म्हाताऱ्याच्या चष्म्यावर पडतात. बस वळते तसा उजेडही जागा बदलतो. या कवितेचं चित्रीकरण करायचं ठरवलं तर वेगळी पटकथा लिहायची गरज नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा, काय दाखवायचं नाही, उजेड कुठून येणार, सगळं ठरलेलं आहे. आणि यात ‘तरल’ म्हणावं असं काही नाही. ताडपत्री आहे, थंडी आहे, अवघडलेलं अंग आहे.

आता उलट बाजू. सिनेमात कविता आली की बहुतेक वेळा ती गाणं होऊन येते किंवा नायकाच्या हळवेपणाचा पुरावा म्हणून येते. ‘अर्धसत्य’ (१९८३) मध्ये ती वेगळंच काम करते. दिलीप चित्र्यांची कविता. गोष्ट श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन निहलानींचं, आणि नाव मात्र चित्र्यांच्या कवितेतून आलेलं. मैत्रीण ज्योत्स्नासमोर बसून नायक वेलणकर (ओम पुरी) पुस्तक उघडतो आणि सहज वाचल्यासारखं वाचायला लागतो. इन्स्पेक्टर माणूस, कवितेशी त्याचा काय संबंध! पण चक्रव्यूहात शिरण्याआधी मी कोण होतो, हे आठवणार नाही, असं काहीतरी तो वाचतो आणि ओम पुरींचा आवाज खाली खाली जातो. पुढे तराजू येतो. एका पारड्यात नपुंसकत्व, दुसऱ्यात पौरुष, आणि काट्यावर अर्धसत्य. तोवर आपण एका चिडक्या, प्रामाणिक पोलिसाची गोष्ट बघत असतो. त्या मिनिटानंतर त्याच्या हातून काय होणार आहे, ते आपल्याला आणि बहुधा त्यालाही कळलेलं असतं. ही कविता काढून टाकली तर सिनेमाचा कणाच जाईल. गाणं काढल्याने असं क्वचित होतं.

तर माझा प्रश्न असा, की जिथे कविता शोभेला नाही तर कामाला आली आहे, अशी चित्रं, असे सिनेमे तुम्हाला कुठे भेटले? आणि कोणत्या कवितेवर तुम्हाला चित्राचा किंवा सिनेमाचा हात फिरलेला स्पष्ट दिसतो?

---

रेघोट्या

धागा आवडला, आणि सांध्याचा मुद्दा पटला. पण तुम्ही शीर्षकात ‘चित्र’ लिहिलंत आणि लेखात थेट सिनेमावर गेलात, म्हणून ती बाजू मी मांडते.

कोलटकर मुंबईच्या जे.जे. या कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. आयुष्यभर जाहिरातक्षेत्रात कला दिग्दर्शक म्हणून काम केलं आणि त्यात मोठं नाव कमावलं. कवितेवर लिहिणारे हे दोन ओळींत उरकतात, जणू ती पोटापाण्याची सोय होती. मला वाटतं त्यांची अर्धी कविता त्या कामातून आली आहे. जाहिरातीचा मांडणीकार दिवसभर एकच गोष्ट करत असतो. पानावर काय ठेवायचं, किती मोठं ठेवायचं आणि किती जागा रिकामी सोडायची. त्या रिकाम्या जागेसाठी ग्राहकाशी भांडायचं, कारण पैसे मोजून घेतलेली जागा मोकळी का सोडता, असं ग्राहकाला वाटत असतं.

‘जेजुरी’च्या शेवटाकडे देऊळ आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधल्या वाटेची कविता आहे. ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्या नाचताहेत. तिथे शब्द ओळीत बसायला नकार देतात. पानभर वर-खाली उसळतात. ती कविता मोठ्याने वाचून पोचत नाही, ती बघावीच लागते. देवळाच्या पायऱ्या, पुजारी, दगड असं सगळं मोजूनमापून, कोरडेपणाने पाहून झाल्यावर खरा उत्सव सापडतो तो कोंबड्यांत, आणि तो सांगितला जात नाही, पानावर घडतो. छापखान्यातल्या खिळ्यांच्या जुळणीची नजर असलेल्या माणसालाच हे सुचणार.

दुसरं नाव प्रभाकर बरवे. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे चित्रकाराने मराठीत लिहिलेलं पुस्तक कवींनी तर वाचलंच पाहिजे. बरव्यांच्या चित्रात एक पान, एक घड्याळ, एखादं फळ, असं सुटं सुटं ठेवलेलं असतं. एनॅमलचा सपाट रंग, सावली असली तर वस्तूशी न जुळणारी. वस्तू ओळखीच्या आणि त्यांच्यातलं अंतर अनोळखी. तुम्ही ज्याला सांधा म्हणता तो हाच. फक्त चित्रात तो एकाच वेळी दिसतो, कवितेत एकामागून एक येतो. हा फरक लहान नाही. चित्रात डोळा मागे-पुढे जाऊ शकतो. कवितेत परत वर जायचं तर थांबून, ठरवून जावं लागतं. सिनेमागृहात तेवढीही मोकळीक नाही.

कवी वसंत आबाजी डहाके स्वतः रेखाटनं करतात. त्यांच्या ज्या संग्रहाला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याचं नाव ‘चित्रलिपी’. गिव्ह पटेल तर डॉक्टर, कवी आणि चित्रकार तिन्ही. विहिरीत डोकावून पाहण्याची त्यांची चित्रमालिका आहे. वरून खाली पाहणारा आणि पाण्यात उलटं दिसणारं आभाळ. त्यांच्या कवितेतही शरीराकडे असंच वाकून पाहणं आहे.

एक मनापासूनची तक्रार. हल्ली कविता फोनवर पसरते ती एका चौकोनात. मागे मावळता सूर्य नाहीतर चहाचा कप, आणि त्यावर तिरक्या अक्षरात ओळी. ओळ कुठे मोडायची हे कवीने ठरवलेलं असतं, ते त्या चौकोनाच्या रुंदीत मोडून पडतं. कवितेच्या मागे चित्र चिकटवणं म्हणजे कविता आणि चित्राचं नातं नव्हे. तो दोघांचाही अपमान आहे.

---

अर्धविराम

रेघोट्या, शेवटच्या परिच्छेदाला +१. ओळ मोडली की कविता मोडली.

---

डफ

दोघांचेही प्रतिसाद मन लावून वाचले. मला मुळातच एक आक्षेप आहे. तुम्ही सगळे कवितेचा डोळाच बघताय. आपली कविता कानातून आली आहे. ओवी जात्यावर आली, अभंग टाळावर, पोवाडा डफावर. पानावरची मोकळी जागा वगैरे छापखाना आल्यानंतरची गोष्ट. सिनेमाशी कवितेचं नातं शोधायचं तर आवाजापासून सुरुवात करा, दृश्यापासून नको.

‘कोर्ट’ (२०१४) पाहा. चैतन्य ताम्हाणेचा सिनेमा. नारायण कांबळे हा लोकशाहीर, भूमिका वीरा साथीदारांची, गाणी संभाजी भगतांची. वस्तीत कार्यक्रम चालू असताना पोलीस त्याला उचलतात. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. पुढचा सगळा सिनेमा त्या गाण्याचं काय होतं त्याचा आहे. मंचावर कॅमेरा लांब, स्थिर. गाणं पूर्ण ऐकू येतं, मागचे साथीदार, समोरची माणसं, सगळं एका चौकटीत. मग तीच कविता कोर्टात येते आणि तिचा ताल जातो. उरतो तो फक्त मजकूर. सरकारी वकील कलमं सपाट आवाजात एका दमात वाचतात, न्यायाधीश टंकलेखकाला सांगून नोंद करून घेतात. शाहिराचे शब्द आणि कायद्याचे शब्द एकाच भिंतीआड ऐकू येतात आणि सत्ता कुठल्या आवाजात बोलते ते कळतं. यात एकही ‘काव्यात्म’ चौकट नाही. पण कवितेचं काय केलं जातं, याबद्दल इतका नेमका सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तर प्रत्यक्षातला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. घोगरे पटवर्धनांच्या आधीच्या ‘हमारा शहर’ मध्ये गायलेले. पटवर्धनांनी पुढची चौदा वर्षं चित्रण केलं. तीन तासांहून मोठा माहितीपट आहे आणि त्याचा आधार निवेदन नाही, गाणी आहेत. एका वस्तीतलं गाणं दुसऱ्या वस्तीत, एका पिढीचं दुसऱ्या पिढीत जाताना दिसतं. निवेदकाने सांगितलं असतं तर विसरलो असतो. गाणं डोक्यात राहतं, कारण ते राहण्यासाठीच रचलेलं असतं.

आणि गाण्याला कमी लेखू नका. ‘जैत रे जैत’ (१९७७) मधली ना. धों. महानोरांची गाणी काढून बघा. नाग्या आणि चिंधीची गोष्ट उरेल, पण ठाकर आदिवासींचा डोंगर उरणार नाही. महानोर शेतातला माणूस. रान त्यांच्याकडे प्रतिमा म्हणून येत नाही, राबण्याची जागा म्हणून येतं. त्यामुळे हृदयनाथांच्या चालीतही त्या शब्दांची माती झडत नाही.

---

निळी_शाई

डफ यांच्याशी सहमत. कवी ग्रेसांची ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ किती जणांनी आधी वाचली आणि किती जणांना ‘निवडुंग’ या सिनेमामुळे कळली? दुर्बोध म्हणून ज्या कवीला लांब ठेवलं जायचं, त्याच्या ओळी घराघरात गुणगुणल्या गेल्या. अर्थ लागला म्हणून नव्हे. चालीने त्या ओळींना घरात आणलं, अर्थ नंतर आपापल्या वेळेने आला.

---

तिसरी_घंटा

डोळा की कान, या वादात इराणला आणल्याशिवाय राहवत नाही. तिथे कविता हा समाजाचा रोजचा ऐवज आहे आणि सिनेमावाल्यांनी तो जपून, जबाबदारीने वापरला आहे.

फरोग फरोखजाद ही आधुनिक फारसीतली मोठी कवयित्री. १९६२ मध्ये तिने तबरीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत एक माहितीपट केला. जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा, ‘घर काळं आहे’ अशा अर्थाच्या नावाचा. तिने केलेला हा असा एकच सिनेमा. रोगाने झडलेली बोटं, बसलेली नाकं कॅमेरा टाळत नाही आणि त्यांच्यावर रेंगाळून दया गोळा करत नाही. वर तिचा स्वतःचा आवाज. प्रार्थना, धर्मग्रंथातल्या ओळी आणि कविता एकमेकींत मिसळलेल्या. शेवटाकडे शाळेचा वर्ग येतो. गुरुजी एका मुलाला चार सुंदर गोष्टींची नावं विचारतात. तो चंद्र, सूर्य, फुलं, खेळ असं सांगतो. दुसऱ्याला कुरूप गोष्टी विचारतात. उत्तर येतं, हात, पाय, डोकं. सगळा वर्ग हसतो. मग एकाला फळ्यावर ‘घर’ हा शब्द वापरून वाक्य लिहायला सांगतात, तो बराच वेळ विचार करतो, आणि सिनेमाचं नाव लिहिलं जातं.

कोरी_वही, तुमचा सांधा इथे आहे बघा. मुलांचं हसणं आणि ‘हात, पाय, डोकं’ हे उत्तर, या दोन्हींच्या मध्ये दिग्दर्शिकेने काहीही ठेवलेलं नाही. चित्रणादरम्यान भेटलेल्या एका मुलाला पुढे तिने दत्तक घेतलं, हेही सांगितलं पाहिजे. काही जण याला अवांतर म्हणतील. मी नाही म्हणणार.

आणि डफ, हे तुमच्यासाठी. अब्बास किआरोस्तमींच्या १९९९ च्या सिनेमाचं नावच फरोगच्या कवितेचं आहे, ‘वारा आपल्याला घेऊन जाईल’. त्यात शहरातून आलेला माणूस दूध घ्यायला एका तळघरातल्या गोठ्यात उतरतो. काळोख. मुलगी कंदिलाच्या उजेडात गाय पिळते आहे, तिचा चेहरा दिसत नाही. तो माणूस तिला फरोगची ती कविता म्हणून दाखवतो. ऐन कवितेच्या वेळी सिनेमा आपल्याकडून दृश्य काढून घेतो. दुधाच्या धारेचा आवाज आणि कविता. ती मुलगी त्याच्याशी जवळपास बोलत नाही, आणि त्या म्हणण्यात थोडी घुसखोरीही आहे. शहरी, सुशिक्षित पुरुष गावातल्या मुलीला अंधारात कविता ऐकवतोय! दिग्दर्शक ते लपवत नाही. कवितेला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, म्हणून तो प्रसंग इतका खरा वाटतो.

---

कोरी_वही

तिसरी_घंटा, तो गोठा इथे आणलात ते फार बरं झालं. आणि डफ, ‘कोर्ट’बद्दल तुम्ही लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. कवितेचा ताल काढून तिचा मजकूर करणं ही हिंसा आहे, आणि तो सिनेमा ती आवाज न चढवता दाखवतो, हे अगदी खरं.

तरी सांध्याचा आग्रह मी सोडत नाही, कारण तो कानालाही लागू आहे. ओवीत दळणारी बाई पहिल्या चरणात जातं आणते, दुसऱ्यात माहेर. मध्ये ‘जसं-तसं’ नसतं. जात्याचा फेरा पूर्ण होतो आणि माहेर येतं. हे काम छापखान्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तेव्हा तुमची परंपरा आणि माझा मुद्दा यांचं भांडण नाही.

नागराज मंजुळेंचं नाव अजून कसं आलं नाही? त्यांचा ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा कवितासंग्रह आधी आला, ‘फॅन्ड्री’ (२०१३) नंतर. ‘फॅन्ड्री’ला कवीचा सिनेमा म्हणायचं ते गाण्यांमुळे नाही. डुक्कर धरल्यावर नायक जब्याचं कुटुंब ते काठीला बांधून खांद्यावरून नेतं. शाळेच्या भिंतीसमोरून. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू, गाडगेबाबा रंगवलेले. कॅमेरा एकाच बाजूने बघतो. चेहरे स्थिर आहेत, डुक्कर आणि ते वाहणारे चालताहेत. कोणी काही बोलत नाही, संगीतही त्या वेळी काही समजावून सांगत नाही. गावातल्या शाळेच्या भिंतीवरची ती चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात, पाहून सोडून दिलेली असतात. समोरून ते डुक्कर गेल्यावर ती पहिल्यांदा दिसतात. कवितेची एखादी ओळ जुन्या, गुळगुळीत झालेल्या शब्दाला जे करते, तेच. रेघोट्या म्हणतात तशा एका चौकटीत दोन वस्तू ठेवलेल्या, आणि तरी चालत्या.

शेवटी जब्या फेकतो तो दगड सगळ्यांना आठवतो. मला ती भिंत जास्त मोठी वाटते. दगड आपल्यावर येतो तेव्हा आपण सावध झालेले असतो. भिंतीपाशी आपण बेसावध असतो.

---

माळरान

मी कविता लिहितो आणि दोन मित्रांसोबत छोट्या कविताफिती करून बघतो, म्हणून थोडं कामाचं बोलतो. बर्लिनला २००२ पासून फक्त कवितांवरच्या लघुपटांचा झेब्रा महोत्सव भरतो, म्हणजे हा प्रकार आता जगभर रुळला आहे. आपल्याकडेही फोन हातात आल्यापासून बरेच जण करताहेत. आणि बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. कवितेत कावळा आला की पडद्यावर कावळा. खिडकी म्हटलं की खिडकी. मग शब्द आणि दृश्य दोन्ही एकच निरोप आणतात आणि ऐकणारा दोघांकडेही दुर्लक्ष करतो. वर पियानो.

रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या ‘आरसा’ (१९७५) मध्ये त्याच्या वडिलांच्या, आर्सेनी तार्कोव्हस्कींच्या कविता आहेत, वडिलांच्याच आवाजात. सिनेमातला बाप घर सोडून गेलेला. आई घरात वावरते आहे आणि वर त्या माणसाचा आवाज प्रेमाची कविता म्हणतो. कवितेत ते दोघे एकत्र आहेत, दृश्यात आई एकटी आहे. शब्द सांगतात त्याच्या उलट चित्र सांगतं, आणि दोन्ही खरं असतं. कविताफीत करणाऱ्याने एवढं एक उदाहरण नीट पाहिलं तरी पुष्कळ.

आम्ही आता आधी चित्रफीत आवाजाशिवाय जुळवतो. ती स्वतःच्या पायावर उभी राहिली तरच तिच्यावर कविता ठेवतो. आणि कवितेतली जी वस्तू पडद्यावर दिसते तो शॉट काढून टाकतो, कितीही देखणा असला तरी. काढताना जीव तुटतो.

---

रेघोट्या

माळरान, हा नियम चांगला आहे, पण पुस्तकांच्या मुखपृष्ठांनाही लावा. कवितासंग्रहाच्या नावात झाड असलं की वर झाड!

---

डफ

कोरी_वही, ओवीचं उदाहरण मान्य. पण एक गोष्ट माझ्याकडून राहू द्या. जात्याचा फेरा तुम्ही सांधा म्हणून मोजलात, मी श्रम म्हणून मोजतो. त्या बाईचा हात दुखतोय, दम लागतोय, म्हणून ओळ तिथे तुटते. कोलटकरांच्या कवितेतली ओळ नजर हलली म्हणून तुटते. शाहिराची ओळ समोरच्या गर्दीला उत्तर द्यायला जागा हवी म्हणून तुटते. पडद्यावर हा फरक दाखवणारे सिनेमे मला हवे आहेत. कविता म्हणणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ माइक ठेवलेले. ‘अर्धसत्य’मध्ये तुम्ही ओम पुरींचा आवाज खाली जातो म्हणालात ना, तो मलाही तेवढ्यासाठीच आवडतो. कविता कळायला लागली की त्या इन्स्पेक्टरला ती भरभर वाचता येत नाही.

मणी कौल यांनी मुक्तिबोधांवर केलेला ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) कोणी या नजरेने पाहिला असेल तर जरूर लिहा. मराठी घरातला, हिंदीत लिहिणारा कवी, आणि त्याच्या मजकुराला पात्रांच्या तोंडी घालताना कौल यांनी अभिनय जवळजवळ काढून घेतलाय. वाक्यं म्हटली जातात, बोलली जात नाहीत. मला तो फार अवघड गेला आणि फार आवडला. त्यावर स्वतंत्र धागा निघाला तर मी येईन.